रोपांची परीक्षा

पावसाळा सरत आला कीं परसांतील भोपळ्याच्या किंवा काकडीच्या वेलाकडे एकदां लक्षपूर्वक पाहावें. पिठाचे हात लागावेत तसे जुन्या पानांवर पांढरे ठिपके दिसूं लागलेले असतात. चार-आठ दिवसांत ते एकमेकांस मिळतात, सगळें पान पिठूळ होतें, मग पिवळें पडतें आणि शेवटीं करपून वाळतें. आपल्याकडील शेतकरी या रोगास भुरी म्हणतात. द्राक्षांच्या मळेवाल्यांस तर ती चांगलीच परिचयाची आहे. परंतु द्राक्षाची भुरी वेगळी आणि काकडी-खरबुजाची वेगळी. एकीचे बीजाणू दुसऱ्या पिकावर कितीही उडाले तरी तेथें रुजत नाहींत.

या लेखांत आम्ही खरबुजाच्या भुरीची हकीकत सांगणार आहों. तींत रोगाचें वर्णन येईलच. पण त्याहून महत्त्वाची आहे ती एक परीक्षा. हा शब्द वाचून आमच्या कांहीं विद्यार्थिमित्रांच्या कपाळास आठ्या पडतील. त्यांनीं भिऊं नये. ही परीक्षा मुलांची नव्हे, रोपांची आहे. आणि तींत रोपाइतकाच परीक्षकही कसास लागतो.

प्रथम भुरी म्हणजे काय तें पाहूं. ती एक प्रकारची बुरशी आहे. शिळ्या भाकरीवर येणारी बुरशी निर्जीव वस्तूवर वाढते. भुरी मात्र जिवंत वनस्पतीवरच जगते. कांचेच्या बशींत कितीही उत्तम अन्न घालून ठेवलें तरी तेथें ती वाढत नाहीं. खरबुजावर येणाऱ्या मुख्य भुरीस शास्त्रज्ञ ‘पोडोस्फेरा झँथी’ असें म्हणतात. तिचे बीजाणू डोळ्यांस न दिसण्याइतके बारीक असतात. ते वाऱ्यानें उडून पानावर पडले कीं त्यांस अंकुर फुटतो, अंकुराचे तंतू पानावर पसरतात, आणि पानाच्या अगदीं वरच्या थरांतील पेशींमध्यें ते आपलीं सूक्ष्म शोषकें खुपसतात. अशा रीतीनें पानाचा रस ओढून घेऊन ही बुरशी पुष्ट होते, आणि पृष्ठभागावर नव्या बीजाणूंच्या माळा उभ्या करते. आपणांस जें पांढरें पीठ दिसतें तें म्हणजे या असंख्य माळाच होत. हवा अनुकूल असली तर हें सर्व चक्र आठवड्याच्या आंत पुरें होतें, आणि एका ठिपक्याचे शेंकडों होतात.

भुरीचा आणखी एक विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पुष्कळशा बुरशींस पानावर पाण्याचा थर असावा लागतो; भुरीस तो लागत नाहीं. उलट पानावर पाणी साचून राहिलें तर तिच्या बीजाणूंचें नुकसानच होतें. म्हणून जेथें पाऊस जवळजवळ पडतच नाहीं अशा कोरड्या मुलखांतही ती सुखानें नांदते.

खरबुजाच्या फळावर भुरी क्वचितच येते. तेव्हां कोणी विचारील कीं, मग तिचें एवढें भय कशाला? याचें उत्तर असें कीं, पान हें वेलाचें स्वयंपाकघर आहे. फळांत जी साखर उतरते ती पानांतच तयार झालेली असते. फळ पिकण्याच्या ऐन वेळीं पानें गेलीं म्हणजे तें फिकें व बेचव होतें. आणि डोक्यावरची सावली गेल्यामुळें उन्हानें त्याची साल भाजून निघते. वर्षभराच्या कष्टांचें फळ हातीं येतें खरें, पण बाजारांत त्यास कोणी विचारीत नाहीं.

असाच प्रसंग अमेरिकेंतील शेतकऱ्यांवर आला होता. कॅलिफोर्नियाच्या अगदीं दक्षिणेस, मेक्सिकोच्या सरहद्दीस लागून, इंपीरियल व्हॅली नांवाचें खोरें आहे. त्याचा बराचसा भाग समुद्राच्या पातळीच्याही खालीं असून मूळचें तें वाळवंटच. १९०१ सालीं कोलोरॅडो नदीचें पाणी कालव्यानें तेथें आलें आणि त्या रेताड भूमीवर हिरवीं शेतें डोलूं लागलीं. खरबूज हें तेथील एक मोठें पीक झालें. बर्फानें थंड ठेवलेल्या आगगाडीच्या डब्यांतून तेथील फळें दूरदूरच्या शहरांस जाऊं लागलीं. अशा या भरभराटीच्या खोऱ्यांत १९२५ सालीं भुरी दिसून आली.

आपल्याकडील द्राक्षमळेवाला म्हणेल, “यांत काय कठीण आहे? गंधकाची भुकटी उडवावी.” परंतु खरबुजाच्या पानांस गंधक सोसत नाहीं. कडक उन्हांत तें उडविलें तर बहुतेक जातींचीं पानें करपतात. म्हणजे रोगानेंही पान जाणार आणि औषधानेंही पान जाणार! अशा वेळीं एकच मार्ग उरतो: ज्यास ही भुरी बाधतच नाहीं असें खरबूज जगांत कोठें आहे काय, याचा शोध करणें.

हा शोध अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतील आयव्हन जॅगर यांनीं हातीं घेतला, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जी. डब्ल्यू. स्कॉट यांनीं त्यांस साथ दिली. परदेशांतून आणविलेल्या बियांस त्या खात्यांत क्रमांक देऊन नोंद करण्याची पद्धति १८९८ पासून चालू होती. अशा नोंदलेल्या बियांपैकीं ७८३७४ या क्रमांकाचें बियाणें भुरीपुढें टिकलें. तें कोठून आलें होतें म्हणाल, तर आपल्या हिंदुस्थानांतून!

आतां असें एखादें टिकाऊ रोप शेंकडों रोपांतून निवडावें कसें? येथेंच आमच्या लेखाच्या मथळ्यांतील परीक्षा सुरू होते. कोणासही वाटेल कीं, शेतांत जावें, जो वेल हिरवागार दिसेल त्याचें बीं राखावें, कीं झालें काम. पण यांतच मोठी फसगत आहे. हिरवा राहिलेला वेल दोन कारणांनीं हिरवा राहिलेला असतो. एक तर त्याच्या अंगीं रोगाशीं झुंजण्याची शक्ति असते, किंवा रोग त्याच्यापर्यंत पोहोंचलेलाच नसतो. कदाचित् तो बांधाच्या आडोशास असेल, कदाचित् तो उशिरां उगवला असेल आणि त्याचीं पानें अद्याप कोंवळीं असतील, कदाचित् त्या बाजूस वाराच वाहिला नसेल. वांचलेला आणि जिंकलेला, हे दोघे दुरून सारखेच दिसतात. त्यांतील भेद ओळखणें, हाच या परीक्षेचा सर्व हेतु आहे.

म्हणून परीक्षक नशिबावर कांहींच सोंपवीत नाहीं. तो सर्व रोपांस जाणूनबुजून रोग देतो. ही रीत अशी. प्रत्येक जातीच्या अनेक बिया सारख्याच मातीच्या कुंड्यांत, एकाच दिवशीं पेरतात. एका जातीच्या सर्व कुंड्या एकत्र न ठेवतां त्या सरमिसळ मांडतात. कारण एका कोपऱ्यांत ऊन अधिक आणि दुसऱ्यांत वारा अधिक असूं शकतो. या कुंड्यांमध्यें दोन प्रकारचे साक्षीदार ठेवतात. एक, ज्यास भुरी हटकून लागते असें ठाऊक असलेलें खरबूज. आणि दुसरा, जें त्या भुरीपुढें टिकतें असें पूर्वीं सिद्ध झालेलें खरबूज. पहिला साक्षीदार अत्यंत महत्त्वाचा. त्याच्यावरच भुरी चढली नाहीं, तर त्या दिवशींची सर्व परीक्षा रद्द समजावी लागते. कारण मग इतरांचा हिरवेपणा कशाचेंच प्रमाण होत नाहीं.

भुरी बशींत वाढत नसल्यामुळें तिचें बीज जिवंत रोपांवरच सांभाळावें लागतें. नाजूक रोपांचा एक संच केवळ भुरी पोसण्यासाठीं वेगळा वाढवितात, आणि जुनीं रोपें मरण्यापूर्वीं तिला नव्या रोपांवर नेतात. परीक्षार्थी रोपांस एक-दोन खरीं पानें फुटलीं म्हणजे भुरी आलेलें पान त्यांच्यावर झटकतात, किंवा मऊ कुंचल्यानें तिचे बीजाणू प्रत्येक पानास सारखे लावतात. त्यानंतर दहा ते चौदा दिवस वाट पाहतात. हवा फार तापूं देत नाहींत. वीस ते सत्तावीस अंश सेंटिग्रेडच्या आसपासची ऊब भुरीस मानवते.

मग गुण देण्याचा दिवस येतो. ज्या पानावर भुरीचा मागमूस नाहीं त्यास शून्य, आणि जें पुरतें माखलें त्यास पांच, अशी एक श्रेणी प्रचारांत आहे. आपल्या परीक्षेच्या उलट येथें ज्यास शून्य मिळालें तें रोप पहिलें आलें! कांहीं ठिकाणीं एकपासून नऊपर्यंत गुण देतात. गुण कोणत्याही रीतीनें द्यावेत, परंतु देणाऱ्यानें कुंडीवरील नांव न पाहतां केवळ पान पाहावें, हें उत्तम. कारण परीक्षकही मनुष्यच. ज्या जातीचें फळ अत्यंत गोड असतें, ती टिकावी अशी त्याच्या मनांत ओढ असते. पानावरील दोन ठिपके मग त्यास एकच भासूं लागतात. परीक्षक कसास लागतो असें आम्हीं आरंभीं म्हटलें तें यासाठीं. आवडतें रोप नापास करण्याचें धैर्य ज्याच्या अंगीं नाहीं, त्यानें हें काम करूं नये. कारण त्याच्या मायेची किंमत पुढें शेतकऱ्यास मोजावी लागते.

उत्तीर्ण झालेल्या रोपांचीही एकाच परीक्षेनें सुटका होत नाहीं. त्यांची पुन्हां परीक्षा घेतात, आणि नंतर त्यांस उघड्या शेतांत लावतात. कारण कुंडींतील बालरोपाचें वागणें आणि शेतांतील फळलेल्या वेलाचें वागणें नेहमींच सारखें असतें असें नाहीं.

समजा, एक टिकाऊ रोप हातीं लागलें. तरी शेतकऱ्याचें काम अजून झालेलें नाहीं. हिंदुस्थानांतून गेलेल्या त्या रोपाचें फळ अमेरिकेच्या बाजारास हवें तसें नव्हतें, आणि तेथील ‘हेल्स बेस्ट’ नांवाच्या नामांकित खरबुजास भुरी लागत असे. म्हणून दोघांचा संकर करण्यांत आला. येथें मेंडेलनें वाटाण्यावर केलेले प्रयोग आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आठवावेत. त्या बियाण्यांतील प्रतिकारशक्ति मुख्यतः एकाच प्रबळ गुणघटकावर अवलंबून होती. त्यामुळें संकराच्या पहिल्या पिढींतील सर्व रोपें टिकाऊ निघतात. त्यांचें आपसांत बीं धरलें तर दुसऱ्या पिढींत दर चार रोपांत सरासरीनें तीन टिकाऊ आणि एक दुबळें येतें; म्हणजे ऐंशीं रोपें लावलीं तर साधारण साठ हिरवीं राहतील आणि वीसांवर पीठ चढेल. पहिल्या पिढीचा गोड पण दुबळ्या आईबापाशीं पुन्हां संकर केला, तर निम्मीं टिकाऊ आणि निम्मीं दुबळीं निघतील. प्रत्येक पिढींत पुन्हां भुरी लावावयाची, दुबळीं काढून टाकावयाचीं, उरलेल्यांतून गोड फळांचीं निवडावयाचीं, आणि पुन्हां पेरावयाचीं. असें करतां करतां १९३६ सालीं ‘पी. एम. आर. ४५’ नांवाचें खरबूज शेतकऱ्यांच्या हातीं पडलें. फळ बाजारास पसंत पडणारें आणि पान भुरीस दाद न देणारें!

गोष्ट येथेंच संपती तर ती मोठी गोड झाली असती. परंतु दोनच वर्षांनीं, १९३८ सालीं, त्याच खोऱ्यांत या नव्या खरबुजाच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले. परीक्षेंत कांहीं लबाडी झाली होती काय? मुळींच नाहीं. रोप तेंच होतें, त्याची शक्तिही तीच होती; बदलली होती ती भुरी. जुन्या भुरीहून निराळा असा तिचा दुसरा वंश पुढें आला होता, आणि पहिल्या वंशास जें कुलूप उघडत नव्हतें त्याची किल्ली या दुसऱ्याजवळ होती. सर्व शेतांत एकच जात लावली म्हणजे जो वंश तीवर जगूं शकतो त्यासच मैदान मोकळें सांपडतें, आणि तो झपाट्यानें वाढतो. निसर्गाचा हा साधा हिशेब आहे. त्यांत कोणाचा दोष नाहीं.

मग पुन्हां शोध, पुन्हां कुंड्या, पुन्हां कुंचला. दुसऱ्या वंशापुढेंही टिकणाऱ्या ‘पी. एम. आर. ५’ व तिच्या भगिनी जाती पुढें तयार झाल्या. पहिल्या जातीचीही किंमत एकदम शून्य झाली नाहीं. ‘४५’ चें पीक पुढेंही पुष्कळ वर्षें होत राहिलें. तेव्हांपासून हा सामना चालूच आहे. भुरीचे वंश ओळखण्यासाठीं शास्त्रज्ञ आतां खरबुजांचा एक ठराविक संचच बाळगतात. कोणती भुरी कोणत्या जातीवर चढते आणि कोणतीपुढें हरते, हें पाहून तिचा वंश ठरवितात. म्हणजे येथें रोपेंच परीक्षक होतात आणि भुरी परीक्षार्थी! अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स मॅक्क्राइट यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असे २८ वंश मोजले आहेत. म्हणून “हें खरबूज भुरीस दाद देत नाहीं” असें नुसतें म्हणणें अपुरें आहे. कोणत्या भुरीस, हें सांगितल्यावांचून त्या वाक्यास पूर्ण अर्थ येत नाहीं.

या दीर्घ सामन्यांत एक गोष्ट मात्र वारंवार दिसून येते, आणि ती आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे. भुरीचा नवा वंश आला कीं उपाय पुष्कळदां आपल्याच देशाच्या बियांत सांपडतो. १२४१११ या क्रमांकाचें भारतीय बियाणें भुरी व केवडा या दोन्ही रोगांपुढें टिकलें. त्याच्यापासून १९८६ सालीं अमेरिकेंत ‘एम. आर. १’ नांवाची पैदाशीची जात प्रसिद्ध झाली. ३१३९७० या क्रमांकाचें बियाणेंही भारतांतीलच. त्याचाही असाच उपयोग झाला आहे. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनें काढलेली ‘अर्का राजहंस’ ही खरबुजाची जातही भुरीपुढें बऱ्यापैकीं टिकते.

असें कां व्हावें? कारण आपल्या भूमींत खरबुजाच्या कुळाचा विस्तार मोठा आहे. नदीच्या वाळूंतील वाड्यांवर येणारें खरबूज, कोंकण-गोव्याकडे गणेशचतुर्थीच्या सुमारास घरोघरीं येणारा चिबूड, जिराईत शेतांतील वाळूक, बांधावर आपोआप उगवणारें शेंदाड, हीं सर्व एकाच कुळांतील भावंडें आहेत. त्यांचा परस्परांशीं संकर होऊं शकतो. जेथें पीक आणि त्याचा रोग पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदले, तेथें कोठें ना कोठें त्या रोगाशीं झुंजणारें बीं शिल्लक राहण्याचा संभव अधिक. ‘४५’ क्रमांकाच्या खरबुजास जॅगर व स्कॉट यांचीं नांवें जोडलेलीं आहेत, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या बियाण्यावर त्यांचें सर्व काम उभें राहिलें, तें आपल्याच देशांतील शेतकऱ्यांनीं दरवर्षीं पेरून, फळांतून काढून, राखेंत घोळून, मडक्यांत घालून जपलेलें होतें. भुरीचें नांवही न काढतां, केवळ वाडवडिलांनीं पेरलें म्हणून त्यांनीं तें पेरलें असेल.

अशीं बियाणीं जतन करण्यासाठीं दिल्ली येथें राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था १९७६ पासून काम करीत आहे. तथापि सरकारी कोठारांत सर्व कांहीं पोहोंचतेंच असें नाहीं. आजीच्या डब्यांतील चिबडाच्या बिया वर्षानुवर्षें पेरल्याच नाहींत, कीं शेवटीं त्यांची उगवण जाते. त्यांच्यांत कोणती शक्ति होती हें मग कोणतीही परीक्षा सांगूं शकत नाहीं. नापास झालेलें रोप पुन्हां पेरून पाहतां येतें. पण परीक्षेस बसण्यापूर्वींच जें बीं नाहींसें झालें, त्याचें काय करावें?

म्हणून आमची विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एक सूचना आहे. आपल्या घरीं अथवा गांवीं काकडी, चिबूड, खरबूज यांचें जुनें बीं असेल तर तें फेंकूं नये. कागदाच्या पुडींत घालून त्यावर नांव, गांव व साल लिहावें, कोरड्या जागीं ठेवावें, आणि दर एक-दोन वर्षांनीं थोडें पेरून पाहावें. मधमाशा या कुळांतील फुलांचा पराग एका वेलावरून दुसऱ्यावर सहज नेतात. म्हणून बियांसाठीं ठेवावयाचा वेल त्याच्या इतर भावंडांपासून शक्य तितका दूर लावावा. भुरी आली कीं आठवड्यांतून एकदां शून्यापासून पांचांपर्यंत गुण देऊन वहींत टिपावें. शेजारचे सर्व वेल माखले असतां एखादा हिरवा राहिला, तर आनंद अवश्य मानावा. परंतु लगेच त्याची द्वाही फिरवूं नये. त्याचें बीं पुढच्या हंगामांत, हटकून भुरी लागणाऱ्या वेलाच्या अगदीं शेजारीं लावावें, आणि मग पाहावें. तो वांचलेला होता कीं जिंकलेला, हें तेव्हांच कळेल.